अर्धगुणसूत्री विभाजन: बीजपेशी कशा तयार होतात आणि एकाच आईवडिलांची मुले वेगळी का असतात

"दोन्ही मुले आमचीच, मग एकालाच हा आजार का?" "आमच्या घराण्यात कोणालाच नव्हता, मग बाळाला कुठून आला?" "माझ्याकडून काही चुकले का?" बाळाला जनुकीय आजार असल्याचे कळले की कुटुंबातून हे तीन प्रश्न हमखास येतात. तिन्हींची उत्तरे शरीरातील एकाच प्रक्रियेत सापडतात. शाळेच्या पुस्तकात तिचे नाव 'अर्धगुणसूत्री विभाजन' असे असते. डॉक्टरांच्या बोलण्यात तिचा उल्लेख 'मायोसिस' असा येतो.

ही प्रक्रिया कशी चालते, तिच्यातून विविधता कशी निर्माण होते, कधीकधी ती कुठे अडखळते आणि कुटुंबाने त्यातून काय समजून घ्यावे, ते या लेखात पाहू. या विभाजनाच्या खुणा शेकडो वर्षे टिकतात. त्यांचे एक चांगले अभ्यासलेले उदाहरण आपल्या रायगड किनाऱ्यावरच आहे. तेही पुढे येईल.

थोडक्यात

- शरीरातील पेशींमध्ये ४६ गुणसूत्रे असतात. स्त्रीबीज आणि शुक्राणू यांच्यात मात्र निम्मी, म्हणजे २३ असतात.
- कोणती २३ गुणसूत्रे पुढे जातील हे योगायोगाने ठरते. ते आईवडिलांच्या हातात नसते.
- प्रत्येक गरोदरपणात हा डाव नव्याने मांडला जातो. आधीच्या बाळाला काय झाले यावर पुढच्या बाळाचे गणित बदलत नाही.
- गरोदरपणात खाल्लेल्या पदार्थामुळे, ग्रहणामुळे किंवा धावपळीमुळे गुणसूत्रांची संख्या बदलत नाही.
- पिढ्यानपिढ्या एकाच लहान वर्तुळात लग्ने होत असतील तर काही आजारांची शक्यता वाढते. त्यासाठी तपासण्या उपलब्ध आहेत.

गुणसूत्रे आणि त्यांच्या जोड्या

गुणसूत्र म्हणजे डीएनएचा घट्ट गुंडाळलेला लांब धागा. या धाग्यावर ठरावीक जागी जनुके असतात. माणसात प्रथिने बनवण्याच्या सूचना देणारी सुमारे २०,००० जनुके आहेत.

४६ गुणसूत्रे म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून आणि एक वडिलांकडून आलेले असते. पहिल्या २२ जोड्या स्त्री-पुरुषांत सारख्याच असतात. तेविसावी जोडी लिंग ठरवते: स्त्रीमध्ये दोन एक्स, पुरुषात एक एक्स आणि एक वाय.

जोडी असल्यामुळे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात. एक बिघडलेली असली तरी पुष्कळदा दुसरी काम निभावून नेते. अशी व्यक्ती त्या आजाराची 'वाहक' असते. तिला स्वतःला त्रास नसतो आणि बहुतेक वेळा ती वाहक आहे हे तिला ठाऊकही नसते.

संख्या निम्मी का व्हावी लागते?

जखम भरताना, केस वाढताना, नवे रक्त तयार होताना पेशी साध्या पद्धतीने विभागतात. एका पेशीच्या दोन होतात आणि दोन्हींत ४६ गुणसूत्रे राहतात. याला सूत्री विभाजन म्हणतात.

बीजपेशीसाठी ही पद्धत चालणार नाही. आईची ४६ आणि वडिलांची ४६ मिळून बाळात ९२ होतील, पुढच्या पिढीत १८४. म्हणून अंडाशयात आणि वृषणात एक वेगळे विभाजन होते. त्यात गुणसूत्रांची नक्कल एकदाच होते, पण पेशी दोनदा विभागते. त्याचे टप्पे असे:

१. नक्कल: प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब प्रत तयार होते. मूळ आणि प्रत एका बिंदूपाशी जोडलेली राहतात.

२. जोडी जुळणे आणि अदलाबदल: आईकडून आलेले आणि वडिलांकडून आलेले एकाच क्रमांकाचे गुणसूत्र एकमेकांना चिकटून उभे राहतात. मग दोघांचे धागे समोरासमोर त्याच जागी तुटतात आणि एकमेकांना जोडले जातात. याला जनुकीय पुनःसंयोग म्हणतात.

३. पहिले विभाजन: प्रत्येक जोडीतील दोन गुणसूत्रे पेशीच्या विरुद्ध टोकांना ओढली जातात. दोन पेशी तयार होतात. संख्या निम्मी होते ती इथे.

४. दुसरे विभाजन: मूळ आणि प्रत एकमेकांपासून सुटतात. शेवटी प्रत्येकी २३ गुणसूत्रांच्या चार पेशी उरतात.

पुरुषात या चारही पेशींचे शुक्राणू होतात. स्त्रीमध्ये मात्र दोन्ही विभाजने असमान असतात. बहुतेक सगळा पोषक साठा एकाच पेशीकडे जातो आणि तिचे स्त्रीबीज होते. बाकीच्या लहान पेशी विरून जातात.

विविधता येते कुठून?

तीन ठिकाणांहून येते.

पहिले: वाटणी. पहिल्या विभाजनात प्रत्येक जोडी स्वतंत्रपणे वाटली जाते. क्रमांक १ चे गुणसूत्र आजीकडचे गेले म्हणून क्रमांक २ चेही आजीकडचेच जाईल असे नाही. २३ जोड्या आणि प्रत्येकीत दोन पर्याय असे धरले तर एका माणसाकडून ८३,८८,६०८ प्रकारच्या बीजपेशी तयार होऊ शकतात. चौऱ्यांशी लक्ष योनींचा आकडा आपल्या तोंडी असतोच. हा आकडा योगायोगाने त्याच्या अगदी जवळ जातो. आई आणि वडील दोघांचे पर्याय गुणले तर एका जोडप्याला होऊ शकणाऱ्या वेगवेगळ्या मुलांची संख्या सुमारे ७० लाख कोटी होते.

दुसरे: अदलाबदल. वरच्या हिशेबात गुणसूत्र अखंड धरले आहे. प्रत्यक्षात ते अखंड जात नाही. शुक्राणू तयार होताना सरासरी २५ ते ३० ठिकाणी आणि स्त्रीबीज तयार होताना सरासरी ४० ते ४५ ठिकाणी तुकड्यांची अदलाबदल होते. तुम्ही मुलाला दिलेले गुणसूत्र बहुधा निखळ तुमच्या आईचे किंवा निखळ तुमच्या वडिलांचे नसते. दोघांचे तुकडे जोडून तयार झालेले ते एक नवे गुणसूत्र असते. पत्त्यांचा कॅट पिसताना पत्तेसुद्धा मधोमध कापून एकमेकांना जोडावेत, तसा हा प्रकार आहे.

तिसरे: फलन. लाखो शुक्राणूंपैकी कोणता एक त्या महिन्याच्या स्त्रीबीजाला मिळेल, हा आणखी एक योगायोग.

म्हणूनच सख्खी भावंडे सरासरी निम्मा जनुकीय वारसा समान घेतात, पण हा सरासरीचा आकडा आहे. प्रत्यक्षात काही भावंडांत तो ३७ टक्क्यांच्या आसपास, तर काहींत ६२ टक्क्यांच्या आसपास आढळला आहे. एक मूल आजोबांसारखे दिसते, दुसरे मावशीवर जाते आणि आजारही एकाला मिळून दुसऱ्याला मिळत नाही, त्याचे कारण हे.

स्त्री आणि पुरुष यांतील मोठा फरक

पुरुषात हे विभाजन वयात आल्यावर सुरू होते आणि पुढे आयुष्यभर चालू राहते. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात आणि रोज कोट्यवधी शुक्राणू बनतात.

स्त्रीमध्ये ते ती स्वतः आईच्या पोटात असतानाच सुरू होते. गर्भ पाच महिन्यांचा असताना त्या मुलीच्या अंडाशयात ६० ते ७० लाख बीजे असतात. जन्मापर्यंत त्यातील १० ते २० लाख उरतात, वयात येईपर्यंत ३ ते ४ लाख. आयुष्यभरात प्रत्यक्ष बाहेर पडतात ती फक्त ४०० ते ५००.

ही सगळी बीजे विभाजनाच्या अगदी सुरुवातीलाच, जोड्या जुळून अदलाबदल झाल्यावर, थांबून राहतात. ज्या महिन्यात एखाद्या बीजाची पाळी येते, त्या महिन्यात ते पहिले विभाजन पूर्ण करते. दुसरे विभाजन शुक्राणू आत शिरल्यावरच पूर्ण होते. म्हणजे अडतिसाव्या वर्षी गर्भ राहिला तर त्या बीजाचे विभाजन जवळपास ३८ वर्षे अर्ध्यावर थांबलेले असते. आणि ज्या बीजापासून तुम्ही जन्मलात, ते तुमच्या आजीच्या पोटात आई वाढत असतानाच तयार झाले होते.

या दीर्घ विरामाचा आईच्या वयाशी काय संबंध आहे, ते पुढे पाहू.

रायगड किनारा: तुकड्यांच्या लांबीवरून पिढ्यांचा हिशेब

प्रत्येक पिढीत गुणसूत्रे कापली आणि जोडली जातात. मग एखाद्या पूर्वजाकडून आलेला अखंड तुकडा पिढीगणिक आखूड होत जाणार. हा नियम उलटा वापरला तर तुकड्यांच्या लांबीवरून किती पिढ्या गेल्या हे काढता येते. बेने इस्रायल समाजाच्या अभ्यासात संशोधकांनी हेच केले.

नवगाव, अलिबाग, रेवदंडा, पेण, रोहे या परिसरात शतकानुशतके राहिलेला हा ज्यू समाज मराठीच बोलतो. त्यांची परंपरा सांगते, की नवगावजवळ जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून समाज वाढला. तेलाच्या घाण्याचा धंदा आणि शनिवारी काम बंद, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी गावांवरून पडलेली आडनावे त्यांच्यात आहेत. १९४८ नंतर समाजातील बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. पूर्वज नेमके कोण आणि कधी आले, याची लेखी नोंद मात्र नव्हती.

२०१६ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात या समाजाच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बेने इस्रायल समाजातील १८ व्यक्तींच्या डीएनएची तुलना इतर ४१ ज्यू, भारतीय आणि पाकिस्तानी समूहांतील ४८६ व्यक्तींशी केली गेली. त्यातून पुढील गोष्टी दिसल्या:

- या समाजात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे भरघोस आहेत. ज्यू वारसा मध्यपूर्वेतील ज्यूंशी जुळणारा आहे.
- दोन्ही वारशांचा मिलाफ सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झाला. एका पिढीला २५ ते ३० वर्षे धरली तर हा काळ साधारण पाचशे ते हजार वर्षांपूर्वीचा येतो. ही मिलाफाची वेळ आहे, किनाऱ्यावर येण्याची नव्हे.
- मिलाफात ज्यू बाजूचे पुरुष आणि स्थानिक स्त्रिया यांचा वाटा अधिक होता.
- त्यानंतर समाजाची संख्या एका टप्प्यावर बरीच कमी झाली आणि पुढे लग्ने मुख्यतः समाजातच होत राहिली.

पिढ्यांचा आकडा कसा निघतो? मिलाफ झाला त्या पिढीत मुलांना एक गुणसूत्र पूर्ण ज्यू आणि एक पूर्ण भारतीय मिळाले असे समजा. त्या मुलांच्या बीजपेशी बनताना दोन्हींची पहिली अदलाबदल झाली, नातवंडांच्या वेळी दुसरी, असे होत होत तुकडे लहान झाले. २५ पिढ्यांनंतर असा तुकडा सरासरी ४० लाख अक्षरांच्या आसपास उरतो. क्रमांक १ चे पूर्ण गुणसूत्र सुमारे २५ कोटी अक्षरांचे असते, म्हणजे फरक किती मोठा ते लक्षात येईल.

पुरुष कुठले आणि स्त्रिया कुठल्या हे कळले तेही या विभाजनाच्या नियमांमुळेच. स्त्रीकडे दोन एक्स असतात आणि पुरुषाकडे एक. म्हणून समाजातील दर तीन एक्स गुणसूत्रांपैकी दोन स्त्रियांकडे असतात आणि एक्सवर स्त्रियांचा इतिहास जास्त उमटतो. संशोधकांनी एक्सची इतर गुणसूत्रांशी तुलना केली, तेव्हा एक्सवर स्थानिक वारशाचे प्रमाण अधिक दिसले.

जहाज फुटल्याची कथा या अभ्यासाने सिद्धही होत नाही आणि खोटीही ठरत नाही. मोजक्या पूर्वजांपासून समाज वाढला, एवढे मात्र डीएनएवरूनही दिसते. आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग इथेच आहे. लहान समूह आणि समाजातच लग्ने यांमुळे दोन्ही प्रती बिघडल्यावर होणाऱ्या आजारांचे प्रमाण वाढू शकते, असे या संशोधकांनीही नोंदवले आहे.

एकाच वर्तुळातील लग्ने

ही बाब केवळ बेने इस्रायल समाजापुरती नाही. जात, पोटजात आणि आसपासची पाचपंचवीस गावे यांतच सोयरीक करण्याची रीत महाराष्ट्रात सगळीकडे आहे. पूर्वज मोजके असतील तर त्यांच्यातील एखाद्याचे बिघडलेले जनुक आज अनेक घरांत पोहोचलेले असू शकते. त्या घरांना एकमेकांचे नातेही ठाऊक नसते. आजार दिसतो तो नवरा आणि बायको दोघेही त्याच जनुकाचे वाहक निघाले तरच. "घराण्यात कोणालाच नव्हता" या प्रश्नाचे एक उत्तर हे आहे. आजार कोणालाच नव्हता, पण वाहक पिढ्यानपिढ्या होते.

मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न करण्याची पद्धत आपल्याकडे अनेक समाजांत आहे. गोत्र वेगळे म्हणून ते चालते असे मानतात. पण गोत्र आणि आडनाव फक्त पित्याच्या वाटेने येतात. तसे तर वाय गुणसूत्र तेवढेच येते. बाकीची गुणसूत्रे आई आणि वडील दोघांच्या वाटेने येतात, त्यांना गोत्र कळत नाही. मामेबहीण आणि आतेभाऊ यांचा सरासरी एक अष्टमांश जनुकीय वारसा समान असतो. कोणत्याही बाळात जन्मजात गंभीर व्यंग असण्याची शक्यता साधारण २ ते ३ टक्के असते. पहिल्या पिढीतील अशा नात्यात ती आणखी सुमारे २ ते ३ टक्क्यांनी वाढते. म्हणजे अशा जोडप्यांची बहुसंख्य मुले निरोगीच असतात. तरीही आधी समुपदेशन घेणे शहाणपणाचे आहे. घरात आधीच एखादा जनुकीय आजार असेल तर ते टाळूच नये.

प्रत्येक गरोदरपण, नवा डाव

सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे महाराष्ट्रात महत्त्वाचे असलेले दोन आनुवंशिक रक्तविकार. सिकलसेल विदर्भ, नंदुरबार, पालघर येथील आदिवासी समाजांत आणि विदर्भातील इतर काही समाजांत अधिक आढळतो. थॅलेसेमियाचे वाहक सर्वच समाजांत असतात, सिंधी आणि लोहाणा समाजांत त्यांचे प्रमाण जास्त आहे.

आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येकाच्या निम्म्या बीजपेशींत चांगली प्रत जाते आणि निम्म्यांत बिघडलेली. म्हणून प्रत्येक गरोदरपणात:

- २५ टक्के शक्यता: बाळाला दोन्ही चांगल्या प्रती मिळतील.
- ५० टक्के शक्यता: बाळ आईवडिलांसारखे वाहक असेल.
- २५ टक्के शक्यता: बाळाला आजार असेल.

यातील 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा आहे. "चारात एक म्हणजे एकाला झाला, आता पुढची तिघे सुटली," असा अर्थ पुष्कळ कुटुंबे काढतात. तो चुकीचा आहे. पुढचे बाळ वेगळ्या स्त्रीबीजापासून आणि वेगळ्या शुक्राणूपासून होते. मागच्या वेळी काय झाले याची नोंद बीजपेशी ठेवत नाहीत. पहिल्या बाळाला आजार असो वा नसो, पुढच्या वेळी शक्यता पुन्हा २५ टक्केच. म्हणून दुसऱ्या बाळाचा विचार करण्याआधी डॉक्टरांशी बोलणे गरजेचे आहे.

विभाजन अडखळते तेव्हा

कधीकधी जोडीतील दोन गुणसूत्रे वेगळी होत नाहीत आणि दोन्ही एकाच बीजपेशीत जातात. मग त्या बीजपेशीत २४ आणि दुसरीत २२ गुणसूत्रे होतात. त्यातून पुढील स्थिती उद्भवू शकतात:

- गर्भपात: पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांची संख्या किंवा रचना बिघडलेली असते.
- डाऊन सिंड्रोम: क्रमांक २१ चे गुणसूत्र दोनऐवजी तीन असते.
- टर्नर सिंड्रोम: मुलीत एकच एक्स असतो. सुमारे २,००० ते २,५०० मुलींत एक.
- क्लाइनफेल्टर सिंड्रोम: मुलात दोन एक्स आणि एक वाय असतो. साधारण ५०० ते १,००० मुलांत एक. अनेकांना हे मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावरच कळते.

स्त्रीबीज वर्षानुवर्षे अर्ध्या विभाजनात थांबलेले असते. जोडीतील गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवणारे बंध वयाबरोबर सैल होतात आणि वाटणी चुकण्याची शक्यता वाढते. प्रसूतीच्या वेळी आईच्या वयानुसार बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता साधारण अशी:

- २५ व्या वर्षी: सुमारे १,२५० मध्ये एक
- ३० व्या वर्षी: सुमारे ९०० ते १,००० मध्ये एक
- ३५ व्या वर्षी: सुमारे ३५० मध्ये एक
- ४० व्या वर्षी: सुमारे १०० मध्ये एक

पस्तिशीच्या आतल्या स्त्रियांना धोका कमी, पण सर्वाधिक बाळंतपणे त्यांचीच होतात. त्यामुळे डाऊन सिंड्रोम असलेली पुष्कळशी बाळे तरुण मातांनाच होतात. तपासणी सर्व गरोदर स्त्रियांना सुचवली जाते ती म्हणून.

डाऊन सिंड्रोम असलेल्या सुमारे ९५ टक्के व्यक्तींत कारण वाटणीतील ही चूक असते आणि ती सहसा आईवडिलांकडून वारशाने आलेली नसते. ३ ते ४ टक्क्यांत मात्र जादा २१ वे गुणसूत्र दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेले असते. याला ट्रान्सलोकेशन म्हणतात. अशा वेळी आई किंवा वडील यांच्यापैकी एकाच्या गुणसूत्रांची रचना तशी असू शकते आणि पुढच्या गरोदरपणातही धोका राहतो. म्हणून बाळाचा कॅरिओटाइप अहवाल जपून ठेवा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवा.

वडिलांच्या वयाचाही परिणाम होतो, पण वेगळा. शुक्राणू बनवणाऱ्या पेशी आयुष्यभर विभागत राहतात. त्यामुळे वाढत्या वयात जनुकांमध्ये नवे लहान बदल होण्याचे प्रमाण हळूहळू वाढते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ग्रहणात बाहेर गेले, पपई खाल्ली, म्हणून असे झाले का?
नाही. बाळाच्या गुणसूत्रांची संख्या बीजपेशी बनताना किंवा गर्भ राहिल्यावर पहिल्या काही दिवसांतच ठरलेली असते. दिवस गेल्याचे कळते तेव्हा ते सारे होऊन गेलेले असते. त्यानंतर काय खाल्ले, कुठे गेले, किती काम केले यामुळे गुणसूत्र वाढत किंवा कमी होत नाही.

मुलगी झाली, याला आई जबाबदार का?
स्त्रीबीजात नेहमी एक्सच असतो. शुक्राणूत एक्स किंवा वाय असतो आणि बाळाचे लिंग त्यावरून ठरते. तेही वडिलांच्या इच्छेने होत नाही, वाटणीतील योगायोगाने होते. गर्भलिंग तपासणी १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

नवरा-बायकोचा रक्तगट एकच असेल तर मुलांत दोष येतो का?
नाही. रक्तगट सारखा असण्याचा आणि जनुकीय आजारांचा संबंध नाही. आई आरएच निगेटिव्ह आणि वडील आरएच पॉझिटिव्ह असतील तर मात्र गरोदरपणी विशेष काळजी आणि इंजेक्शन लागते. पत्रिकेतील नाडीवरूनही वाहक कोण हे कळत नाही. ते रक्ताच्या तपासणीतूनच कळते.

दोष आईकडून आला की वडिलांकडून, हे शोधावे का?
उपचारासाठी किंवा पुढच्या गरोदरपणासाठी गरज असेल तर शोधावे, कोणाला बोल लावण्यासाठी नाही. कोणती प्रत बीजपेशीत जावी हे कोणीच ठरवू शकत नाही. आपल्यापैकी बहुतेक प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या आजाराचा वाहक असतो.

कोणत्या तपासण्या, कधी?

लग्नाआधी किंवा गर्भधारणेआधी: सीबीसी आणि हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी. सिकलसेल आणि थॅलेसेमियाचे बहुतेक वाहक यात कळतात. दोघांपैकी एक वाहक निघाला तर दुसऱ्याची तपासणी अवश्य करा.

गरोदरपणी ११ ते १४ आठवड्यांदरम्यान: एनटी सोनोग्राफी आणि डबल मार्कर. दहाव्या आठवड्यानंतर आईच्या रक्तातून एनआयपीटी करता येते. या चाचण्या फक्त शक्यता सांगतात. अहवालात धोका जास्त आला म्हणजे बाळाला आजार आहेच असे नाही.

पक्के निदान: ११ ते १४ आठवड्यांत वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन किंवा साधारण १६ व्या आठवड्यापासून गर्भजल काढून. घरात आजार माहीत असेल तर दिवस गेल्याचे कळताच डॉक्टरांना भेटा, म्हणजे या तपासण्यांसाठी वेळ मिळतो.

पुढील परिस्थितीत जनुकीय समुपदेशकाचा किंवा तज्ज्ञाचा सल्ला घ्या:

- दोन किंवा अधिक वेळा गर्भपात झाला असेल. नवरा आणि बायको दोघांचाही कॅरिओटाइप करावा लागू शकतो.
- आधीच्या बाळाला जनुकीय आजार किंवा जन्मजात व्यंग असेल, किंवा बाळ कारण न कळता दगावले असेल.
- दोघेही एकाच आजाराचे वाहक असाल.
- जवळच्या नात्यात लग्न झाले असेल किंवा ठरत असेल.
- गरोदरपणी आईचे वय ३५ किंवा अधिक असेल.

रायगडमधील रुग्णांसाठी सीबीसी, सोनोग्राफी यांसारख्या पहिल्या तपासण्या जिल्ह्यातच होतात. पुढच्या जनुकीय तपासण्यांसाठी बहुधा मुंबई गाठावी लागते. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील एनआयआयएच ही आयसीएमआरची संस्था आनुवंशिक रक्तविकारांवर काम करते. जाताना आधीचे सर्व अहवाल, बाळाचे कागद आणि दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्यांची माहिती लिहून न्या. कोणाला कोणता आजार होता, कोणती मुले लहानपणी गेली, कोणाची लग्ने नात्यात झाली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना नीट आठवते. त्यांना आधी विचारून घ्या.

*ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. तुमच्या कुटुंबातील धोका किती, हे तुमचे अहवाल पाहून तुमचे डॉक्टरच सांगू शकतात.*